कमरेला बांधलेलं उपरणं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्याकडे आमदार आले, तेव्हा बाबा ओसरीवर उकडलेले शिंगाडे सोलत बसले होते. शिंगाड्याची साल काळीशार असते आणि तिला दोन टोकदार काटे असतात. बाबा आधी ते काटे मोडायचे, मग नखाने साल फोडायचे आणि आतला पांढरा गर समोरच्याच्या हातावर ठेवायचे. स्वतः सगळ्यांत शेवटी खायचे. त्या दिवशी पहिला गर आमदारांच्या हातावर गेला.

"बुवा, मी खायला नाही आलो," सूर्यभान टेंभरे म्हणाले. पण खाल्ला.

"ते माहीत आहे. निवडणुकीच्या वर्षात नुसते शिंगाडे खायला कोण येतं? बसा. उभ्या उभ्या मागणं मागू नये."

टेंभरे हसले आणि बसले. त्यांचं मागणं साधं होतं. तळेघाटच्या नगराध्यक्षपदासाठी बाबांनी उभं राहावं. प्रचाराला घराबाहेर पडायचीही गरज नाही. "तुमच्याविरुद्ध मत देणारा माणूस या गावात मला दाखवा, बुवा. लोक तुमचं ऐकतात."

बाबा थांबले. त्यांच्या थांबण्याची आम्हाला सवय होती. माझा धाकटा भाऊ अच्युत म्हणायचा, बाबांना काही विचारावं आणि चहा टाकावा, चहा गाळेपर्यंत उत्तर येतं.

"ऐकतात, हे खरं," बाबा म्हणाले. "पण का ऐकतात ते बघा ना. मी सांगतो ते त्यांना करावं लागत नाही, म्हणून ऐकतात. नगराध्यक्षाचं करावं लागतं."

"म्हणूनच तिथं चांगला माणूस पाहिजे."

"हं..." पुन्हा थांबणं. "तसंही असेल. मला नाही सांगता येत. अच्युत, तुला काय वाटतं? ऋजू, तुला काय वाटतं?"

अच्युतला काय वाटत होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. मी म्हणाले, "तुम्हाला ज्यात झोप लागेल ते करा."

"झोप मला कशातही लागते. तुझी आई जिवंत असती तर साक्ष दिली असती."

सगळे हसले. टेंभरे उठले, बाबांच्या पायाला हात लावला आणि जाता जाता म्हणाले, "बुवांनी नाही म्हटलेलं नाही. एवढं मी लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून देवघराकडे जाताना बाबा कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझे वडील, गंगाधरबुवा वझलवार, कीर्तनकार होते. तळ्यांनी वेढलेल्या या पूर्व विदर्भातल्या गावात विठ्ठल-मंदिराच्या सभामंडपात त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य उभ्याने काढलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पण मला कळायला लागल्यापासून मी त्यांच्या मागे पेटीवर बसत आले. लोकांनी बुवांचं कीर्तन समोरून पाहिलं, मी पाठीमागून पाहिलं. पाठीमागून चेहरा दिसत नाही. दिसते ती पगडी, अंगरख्याची घामाने भिजलेली पाठ, आणि उपरणं.

त्या उपरण्याची एक रीत होती. त्यांच्या गुरूंनी घालून दिलेली. पूर्वरंगात, म्हणजे बुवा स्वतः बोलत असताना, उपरणं दोन्ही खांद्यांवर असे. उत्तररंगात आख्यान सुरू झालं आणि त्यातला राजा, चोर, सावकार स्वतःच्या तोंडाने बोलू लागला, की बाबा उपरणं खांद्यावरून काढून कमरेला बांधायचे. गाठ मारायला जो क्षणभर लागे तेवढ्यात मी पेटीवर एक छोटी सुरावट वाजवायची. पात्र बोलून झालं की पुन्हा तीच सुरावट, आणि उपरणं परत खांद्यावर. लहान मुलांनाही हे ठाऊक होतं. उपरणं कमरेला म्हणजे आता बोलतात ते बुवा नव्हेत.

चित्रीकरण मात्र बाबांनी कधी करू दिलं नाही. "कीर्तन ऐकायचं असतं. बघायला मी काय नट आहे?" त्यामुळे त्यांच्यामागे उरलं ते ध्वनिमुद्रण. मंदिराने वर्षानुवर्षं जपलेलं, हजारो तासांचं, कीर्तनाचं आणि त्यानंतर सभामंडपात रंगणाऱ्या गप्पांचंही.

ते सगळं अच्युतने तेराव्याच्या आधीच मतछाया बनवणाऱ्यांना देऊन टाकलं होतं. मला नंतर कळलं.

ज्यांनी ही व्यवस्था पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. त्या सुमाराला नगरपालिकांच्या कायद्यात नवी तरतूद आली होती. उमेदवाराला आपण कुणाच्या 'मतछाये'नुसार कारभार करू हे शपथेवर जाहीर करता येत होतं. मतछाया म्हणजे एखाद्या माणसाच्या बोलण्यावरून घडवलेलं यंत्र. ते जुनी वाक्यं पोपटासारखी परत म्हणत नाही. त्या माणसाने कोणत्या प्रसंगी काय म्हटलं हे शिकून, नव्या प्रसंगी तो काय म्हणाला असता याचा अंदाज बांधतं आणि त्याच्याच आवाजात सांगतं. कल्पना अशी की निवडून आलेला माणूस बदलतो, विकला जातो, घाबरतो. मतछाया तशीच राहते. दुसऱ्या शहरांनी अर्थतज्ज्ञांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या मतछाया घेतल्या. तळेघाटात बुवांची झाली, आणि तिच्या नावाने अच्युत नगराध्यक्ष झाला.

यंत्रात एक गोष्ट महत्त्वाची होती. तिला 'निश्चयभार' म्हणत. माणूस आयुष्यात हजार गोष्टी बोलतो, त्यांतल्या खऱ्या त्याच्या कोणत्या? ज्या तो न अडखळता, सपाट आणि भरदार आवाजात, मध्ये श्वास न तोडता बोलतो, त्या. निदान यंत्र बनवणाऱ्यांचं तसं मत होतं, आणि बऱ्याच माणसांच्या बाबतीत ते बरोबरही निघालं होतं. म्हणून अशा वाक्यांना यंत्र जास्त वजन देई, आणि 'बघू', 'तसंही असेल', 'हं' यांना फार कमी. उत्तर देताना ते आपला निश्चयही आकड्यात सांगे. तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला, तर प्रश्न नगरपालिकेच्या सभेकडे परत जाई आणि नगरसेवक हात वर करून निर्णय घेत.

पहिल्या वर्षात तशी वेळ एकदाही आली नाही.

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष चांगलं गेलं. बाजारातल्या दुकानदारांनी गटारांवर चढवलेले ओटे निघाले. ते काढायची हिंमत आधी कुणाला झाली नव्हती. पाणी रोज ठरल्या वेळी यायला लागलं. ठेकेदार बुवांच्या आवाजाला घाबरत, कारण तो आवाज त्यांनी लहानपणी आईच्या मांडीवर ऐकला होता. संध्याकाळी नगरपालिकेच्या ओट्यावर लोक जमत आणि यंत्राला घरगुती प्रश्नही विचारत. ते उत्तरं देई. पटकन देई.

मीही जायची. गर्दी ओसरल्यावर, नातेवाइकांसाठी ठेवलेल्या खोलीत. पहिल्यांदा "ऋजू" असं ऐकलं तेव्हा मी उठून खोलीचं दार लावून घेतलं. नंतर सवय झाली. मी कॉलेजातल्या कटकटी सांगे. विभागप्रमुखपद घेऊ की नको, असं विचारलं, तर बाबा म्हणाले, "घे. मागे बसून राहू नकोस."

मी त्या दिवशी चालत घरी आले आणि वाटेत दोनदा थांबले. असं वाक्य बाबांनी मला कधी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, मरणानंतर ते मोकळे झाले असतील. संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेला असं वाटावं याची मला तेव्हा लाजही वाटली नाही.

दुसऱ्या वर्षी मोठ्या तळ्याच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला.

मोठ्या तळ्याच्या पूर्व काठावर ढिवरांची वस्ती आहे. मासे आणि शिंगाडे यांवर जगणारी. बाबांना ते शिंगाडे आणून देणाऱ्या गुंफाबाई तिथल्याच. कीर्तनाला पुरुषांच्या मागे, डावीकडच्या खांबापाशी त्यांची जागा ठरलेली. पैसे कधी घ्यायच्या नाहीत. बाबाही द्यायचे नाहीत, उपरण्याच्या टोकात प्रसाद बांधून द्यायचे. प्रस्ताव असा होता की वस्ती गावाबाहेर माळावर हलवावी आणि तळ्याभोवती फिरायला रस्ता करावा. माळावर पाण्याचा थेंब नाही. ढिवरांनी तिथे काय करायचं, ते प्रस्तावात नव्हतं.

अच्युतने रीतीप्रमाणे यंत्राला विचारलं. उत्तर गावभर लागलेल्या कर्ण्यांवरून ऐकवलं गेलं. मी स्वयंपाकघरात होते.

"काठ रिकामा झाला पाहिजे," बाबांचा आवाज म्हणाला. "तळं गावाचं आहे. ते अख्खं दिसलं पाहिजे. ज्यांना पाण्याची माया आहे त्यांनी ती दुरूनही करावी."

निश्चय फार वरचा होता. पंधरवड्यानंतर सभेत यंत्रासमोर जाहीर सुनावणी, आणि मग अंमलबजावणी.

संध्याकाळी गुंफाबाई आल्या. टोपली नव्हती. ओसरीच्या पायरीवर बसल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"माय, एक इचारू? तुह्या बाबानं खरंच असं म्हनलं?"

"यंत्रानं म्हटलं, गुंफाबाई."

"आवाज तर बुवाचाच होता. मी का बहिरी हावो?" त्या पदराने तोंड पुसत राहिल्या. "माह्या हातचं खाल्लं त्या मानसानं. माह्या नवऱ्याच्या मयतीत पायी आलता, चपला न घालता. मले म्हने, गुंफे, तळं तुहं हाये, आमी नुस्ते पाहुने. आन आता म्हनते दुरून माया करा. दुरून शिंगाडे पिकते का वो?"

त्या उठल्या.

"मेल्यावर मानूस असा पलटते, हे मले माहीत नोयतं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी तिथेच बसले होते आणि माझी बोटं मांडीवर काहीतरी वाजवत होती. थोड्या वेळाने माझं तिकडे लक्ष गेलं. ती उपरण्याची सुरावट होती.

अख्खं. तळं अख्खं दिसलं पाहिजे.

बाबांच्या गुरूंनी रचलेलं एक आख्यान होतं, राजा चंडधराचं. तळ्यांच्या गावात तेच सगळ्यांत जास्त मागितलं जाई. चंडधराला पौर्णिमेचा चंद्र तळ्यात अख्खा बघायचा असतो, म्हणून तो काठावरच्या नावाड्यांना हाकलतो. मग एका रात्री तो स्वतः पाण्यात पडतो आणि त्याला काढायला काठावर कुणी नसतं. बाबा चंडधर असा उभा करायचे की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मागे लपायची. न अडखळता, सपाट आणि भरदार आवाजात, मध्ये श्वास न तोडता. उपरणं कमरेला बांधून.

यंत्राला उपरणं ऐकू येत नव्हतं. आणि आम्हा सगळ्यांना, उपरण्याची रीत पाठ असलेल्या अख्ख्या गावाला, नुसता आवाज कानावर पडल्यावर ते आठवलंच नव्हतं. मलाही नाही. 'मागे बसून राहू नकोस' हे वाक्य कुठलं तेही आता कळलं. चंडधर आपल्या सेनापतीला म्हणतो ते.

मतछायेची देखभाल तेजल रहांगडाले नावाची तरुण अभियंता करायची. मूळची गोंदियाकडची. नगरपालिकेच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. पूर्वरंग, उत्तररंग, कमरेची गाठ. सुरावट वाजवून दाखवली. "ही जिथे जिथे ऐकू येईल तिथून पुढचं बोलणं बाबांचं नाही, ती परत येईपर्यंत. एवढं वगळलं की झालं. करता येईल ना?"

तेजल माझ्याकडे बघत नव्हती.

"मॅडम, हे मला माहीत आहे."

"कसं?"

"अच्युतदादांनी सांगितलं होतं. अगदी सुरुवातीला. सुरावटही त्यांनीच वाजवून दाखवली, मोबाईलवर. आम्ही पहिली मतछाया तशीच केली होती, पात्रं काढून टाकून." ती थांबली. "दादांनी ती ऐकली आणि नको म्हणाले. म्हणाले, सगळंच घाला, आवाज तर त्यांचाच आहे. मला वाटलं घरच्यांना विचारून सांगतायत."

"ती पहिली आहे अजून?"

"आहे. पुसून टाकायचा नियम नाही."

अच्युत नगराध्यक्षांच्या खोलीत होता. भिंतीवर बाबांचा फोटो, उपरणं दोन्ही खांद्यांवर. मी दार लावलं तेव्हाच त्याला कळलं असावं.

"ताई, बस. पाणी घे."

"तुला माहीत होतं."

"हो."

मला वाटलं होतं तो नाकारेल. नाकारलं असतं तर मला भांडता आलं असतं.

"तू ती पहिली ऐकलीस का?" त्याने विचारलं. "नाही ना? ऐक आधी, मग माझ्यावर ओरड. राजे, चोर, सावकार सगळे काढले. मग मी विचारलं, बाबा, गटारांवरचे ओटे काढू का? काय म्हणाले सांगू? 'हं... त्या लोकांचंही पोट आहे. तुला काय वाटतं?' पाणी कुठल्या वॉर्डात आधी सोडू? 'तुम्ही सगळे मिळून ठरवा.' अर्धा तास बसलो होतो, ताई. एक उत्तर नाही. त्या आवाजावर नगरपालिका चालते? निवडणूक जिंकता येते?"

"म्हणून चंडधर निवडून आणलास."

"गटारं त्यानंच साफ केली ना? तूच म्हणालीस गाव सुधारलं. लोकांना ठाम बाबा हवे होते. मला हवे होते. तुलाही हवे होते, नाहीतर रोज संध्याकाळी त्या खोलीत काय करायची?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"गुंफाबाईंचं मला वाईट वाटतं," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "पण आता मागे घेतलं, तर आजवरचं सगळंच खोटं ठरतं. आणि एक सांगू? तुला ढिवरांचं दुःख नाही. तुला गादी मिळाली नाही, त्याचं आहे. तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. आता कशाला बोलतेस?"

कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात. बाबांचा गळा थकला तेव्हा उत्सवात त्यांच्यानंतर कोण उभं राहणार, हे ठरवायला मंदिराचे पंच आमच्या घरी आले होते. आम्ही दोघंही बाबांकडे शिकलो होतो. मला सगळी आख्यानं पाठ होती, अच्युतला निम्मी. पंचांनी बाबांना विचारलं. मी आतल्या दारात उभी होते. बाबा थांबले, खूप वेळ, आणि म्हणाले, "दोघंही माझीच. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." पंचांना काय योग्य वाटणार हे ओसरीवर बसलेल्या मांजरालाही माहीत होतं; मी मुलगी होते. ते गेल्यावर बाबा आत आले आणि म्हणाले, "ऋजू, तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "काही नाही." आणि पेटीचा भाता पुसत बसले.

अच्युतच्या खोलीतून मी तशीच बाहेर पडले. तो बोलला ते पूर्ण खोटं नव्हतं, एवढंच मला बोचत होतं.

सुनावणीच्या दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. ढिवर वस्तीतले लोक मागे भिंतीला टेकून उभे होते. खुर्च्या होत्या, पण बसले नाहीत. गुंफाबाई डावीकडच्या खांबापाशी होत्या. इथेही त्यांनी खांब शोधला होता. पुढे नगरसेवक, मधोमध अच्युत, त्याच्या शेजारच्या मेजावर यंत्राचा कर्णा आणि त्याला घातलेला झेंडूचा हार. आमदार टेंभरे पहिल्या रांगेत. कुणाही नागरिकाला यंत्राला एक प्रश्न विचारायची मुभा होती. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा अच्युतने मान वर केली नाही.

मी ध्वनिक्षेपकापाशी गेले.

"प्रश्न विचारण्याआधी गावाला एक विचारते," मी म्हणाले. "बुवा चंडधर करायचे तेव्हा उपरणं कुठे असायचं?"

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून एक म्हातारा ओरडला, "कमरेले!" आणि लोक हसले, ओळखीची गोष्ट निघाल्यासारखे. मी हसू ओसरू दिलं.

"आणि या कर्ण्यातून गेलं वर्षभर जे बोलतायत, त्यांचं उपरणं कुठे आहे?"

कुणी हसलं नाही. मी तीन-चार वाक्यांत सगळं सांगितलं. यंत्र कसं ऐकतं, कशाला वजन देतं, 'अख्खं' हा शब्द कुणाचा. आपल्याजवळ पहिली मतछाया आहे, उपरणं खांद्यावर असलेली, हेही सांगितलं. ती कुणी बाजूला ठेवली हे सांगितलं नाही. अच्युत माझ्याकडे बघत होता, मी ते सांगेन म्हणून.

टेंभरे उठले. "हे सभेच्या विषयात नाही. बुवांचा आवाज बुवांचाच—"

"शपथ बुवांच्या नावानं घेतली होती, साहेब," मी म्हणाले. "चंडधराच्या नाही."

"ऐकू द्या!" भिंतीकडून आवाज आला. मग पुढच्या रांगांतूनही. "ऐकू द्या ना बुवाले!" अच्युतने तेजलकडे बघून हलकेच होकारार्थी मान हलवली. ती उठली, मेजाच्या मागे काहीतरी बदललं. हाराची दोन फुलं खाली पडली.

मी विचारलं, "बाबा, ढिवरांची वस्ती काठावरून हलवायची का?"

कर्णा गप्प राहिला. इतका वेळ, की यंत्र बिघडलं असं लोकांना वाटलं. कुणीतरी म्हणालं, "बंद पडलं वाटते." मला मात्र आमच्या घरच्या चहाच्या पातेल्याचा वास आला.

"हं..." आवाज आला. आणि सभागृहात एक विचित्र गोष्ट झाली, लोकांनी एकदम श्वास सोडला. हा आवाज त्यांना वर्षभर भेटला नव्हता. "अवघड आहे. गुंफीचा नवरा त्या तळ्यातच गेला. तिला माळावर जा म्हणणं... पण गावालाही फिरायला जागा हवी असेल. मला नाही सांगता येत. तुम्ही सगळे मिळून ठरवा." मग पुन्हा थांबून, जरा जवळ आल्यासारखा, "ऋजू, तुला काय वाटतं?"

पडद्यावरचा निश्चयाचा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली होता.

नियम होता. अच्युतला उभं राहून तो वाचावा लागला. प्रश्न सभेकडे परत आला आहे, नगरसेवकांनी हात वर करावेत. वर्षभर ज्यांना कशावरच मत द्यावं लागलं नव्हतं ते लोक एकमेकांकडे बघू लागले, मग भिंतीकडे. भिंतीला टेकून उभे असलेले ढिवर त्यांच्याकडे बघत होते. त्यांतल्या काहींनी नगरसेवकांच्या घरच्या लग्नांत मासळी आणून दिली होती. वस्ती हलवण्याच्या बाजूने हात वर गेले, पण पुरेसे नाहीत. ठराव पडला. फार फरकाने नाही.

मागे गलका झाला. कुणी रडत होतं. गुंफाबाई खांबाला हात लावून तशाच उभ्या होत्या. त्यांनी कर्ण्याकडे बघून हात जोडले, आणि मला वाटलं, त्यांनी बाबांना माफ केलं. किती लवकर.

"झालं," अच्युत म्हणाला. "तेजल, बंद कर ते."

तेजलने हात पुढे केला, आणि मी म्हणाले, "थांब."

ध्वनिक्षेपक अजून चालूच होता. माझा आवाज सभागृहात मोठा होऊन फिरला, तेव्हा लोक वळले. मला माहीत होतं की त्या यंत्रात कुणी नाही. त्यात आहेत वाक्यांच्या शक्यता, मोजलेले श्वास, तोललेली थांबणी. हे मी मुलांना फळ्यावर शिकवते. पण प्रश्न त्यांच्या आवाजात विचारला गेला होता आणि तो पुन्हा मलाच विचारला गेला होता.

"मला काय वाटतं ते सांगते, बाबा. मला वाटतं तुम्ही बोलायला हवं होतं. गुंफाबाईंना एकटीला सांगितलंत की तळं तुझं आहे, ते गादीवरून सांगायला हवं होतं, उपरणं खांद्यावर ठेवून, न अडखळता. तुम्ही राजाला इतका चांगला आवाज दिलात आणि स्वतःला काहीच ठेवला नाही. म्हणून शोधणाऱ्यांना राजा सापडला. अच्युतनं फसवलं, हे खरंय. पण त्याच्या हाती दुसरं काही तुम्ही ठेवलंच नव्हतं."

कर्ण्यातून "हं..." असं आलं. अच्युत खाली बघत होता.

"पंच आले होते त्या दिवशी तुम्ही मला हेच विचारलंत आणि मी 'काही नाही' म्हणाले. ते खरं नव्हतं."

मी पेटीवर वाजवायची तशी बोटं मेजावर टेकली, आणि मग उचलली.

"मला गादी हवी होती, बाबा. आणि तुम्हाला ते माहीत होतं."